उखाळ्यांचा दगड

मित्रांनो, मी एक दगड आहे. जुना आहे हे वेगळं सांगत नाही. नवा दगड तुम्ही कुठे पाहिलाय? तुमच्या कमरेएवढी उंची, ओबडधोबड अंग, रंग काळा. कर्वेनगर मागे टाकून बस बरीच पुढे गेली की निंबाळी फाटा नावाचा थांबा लागतो. तिथे उतरलात तर समोर पोह्यांची एक गाडी दिसेल. त्या गाडीच्या ताडपत्रीची दोरी ज्याला बांधली आहे, तो मी.

मला टेकडीतून कुणी काढलं, कोणत्या वर्षी काढलं, ते मला माहीत नाही. स्वतःच्या बारशाची आठवण कुणाला असते? आठवतं ते इथपासून, की मी ओढ्याच्या मधोमध एका उंचवट्यावर उभा आहे, एका अंगाला निंबाळी गाव आणि दुसऱ्या अंगाला करंजवडी. मी हद्दीचा दगड. काम म्हणाल तर उभं राहणं. ते मी आजवर चोख केलं आहे.

वर्षातून एक दिवस मात्र मला भाव यायचा. गौरीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी उखाळ्यांचा दिवस. त्या सकाळी निंबाळीच्या साऱ्या बाया एका काठावर, करंजवडीच्या दुसऱ्या. पदर खोचलेले, हात कमरेवर. मग सुरू.

"अगं ए करंजवडीच्या, तुमची विहीर एवढी आटली की बेडूक मामाच्या गावाला गेलं!"

"जाऊ द्या की! तुमच्या भाकरी बघून परत येत्याल. मधी ही भोकं! आमच्या कुत्र्यानं गळ्यात घातली अन् गावभर मिरवला!"

"तुमचा जावई घोरतो तर आमच्या म्हशी दावं तोडत्यात!"

असं दुपारपर्यंत चाले. त्याला नियम होते. मेलेल्याचं नाव काढायचं नाही. जिला मूलबाळ नाही तिला त्यावरून बोलायचं नाही. धोंडा उचलायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, जे ठाऊक आहे तेच बोलायचं. ज्या माणसाची माहिती नाही त्याची उखाळी काढली तर काढणारी हरली. माहितीला तसा तोटा नव्हता, कारण निंबाळीच्या लेकी करंजवडीत नांदत होत्या आणि करंजवडीच्या निंबाळीत. घसे बसले की दोन्हीकडच्या बाया पाण्यात उतरून माझ्यापाशी येत. दोन गावांचं हळदकुंकू माझ्या एकाच डोक्यावर. मग काकड्या फोडून खात आणि घरी जात. वर्षभर मनात साठलेलं ओढ्याबरोबर वाहून गेलेलं असे.

पुढे पेशवाई गेली. आम्हाला ते आठ दिवसांनी कळलं. शनिवारवाड्यावरचं निशाण बदललं, तरी ओढ्याला पाणी तेवढंच होतं. सरकारं येत, धान्य नेत, जात. उखाळ्यांना मात्र आजवर कोणत्या सरकारने हात लावला नव्हता.

काही वर्षांनी मोजणीचा साहेब आला. तो वाईट नव्हता. मन लावून काम करणारा होता, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. त्याने तंबू ठोकला, लोखंडी साखळी अंथरली आणि तो ओढ्यावर मोजायला उतरला तो नेमका उखाळ्यांच्या दिवशी. दोन काठांवर शे-दीडशे बाया हातवारे करून ओरडताहेत. साहेबाला वाटलं, दंगल. त्याच्याबरोबर शनिवार पेठेतला एक कारकून होता. साहेबाने त्याला चौकशीला पाठवलं. कारकून गेला मुक्ताईकडे. मुक्ताई म्हणजे निंबाळीतला त्या वर्षीचा सगळ्यांत खणखणीत आवाज.

"बाई, साहेब विचारताहेत, भांडण कशावरून आहे?"

"कशावरनं म्हंजी? आज उखाळ्या हायेत."

"ते ऐकू येतंच आहे. पण कारण काय?"

"सणाला कारन लागतं व्हय? तुमी पुरनाची पोळी खाता, ती काय भांडून खाता?"

कारकुनाला हसू आलं असावं. पण नोकरी नवी होती. त्याने साहेबाला सांगितलं की हद्दीचा जुना तंटा आहे. साहेबाच्या वहीत तंट्यासाठी रकाना होता. सणासाठी नव्हता.

मग साहेबाने न्याय केला. साखळीने नीट मोजून त्याने मला उपटलं, बारा पावलं निंबाळीच्या रानात नेऊन रोवलं, माझ्या अंगावर बाणाची खूण आणि एक आकडा खोदवला आणि हुकूम काढला, की या दोन गावांच्या बायांनी ओढ्यावर जमायचं नाही. त्याच्या मते तंटा मिटला.

निंबाळी चिडली हे समजण्यासारखं होतं. तिची बारा पावलं गेली होती. पण करंजवडी त्याहून चिडली. फुकटात जमीन मिळून! "आमाला कुनी इचारलं?" करंजवडीच्या बाया म्हणाल्या. "आमची भांडनं आमी करू, आमी मिटवू. ह्यो कोन मधीच?" दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही गावांतली माणसं आली, माझ्याखाली पहारी घातल्या आणि मला उचलून पुन्हा उंचवट्यावर आणलं. एका बाजूच्या पहारीवर निंबाळीचे हात, दुसऱ्या बाजूच्या पहारीवर करंजवडीचे. या दोन गावांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. साहेबाने मला परत हलवलं. त्यांनी परत आणलं. असं तीनदा झालं. माझं वजन तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला याचं काही वाटत नाही.

तिसऱ्या खेपेनंतर मी उंचवट्यावरच राहिलो, पण माझ्यावर पहारा बसला. सुखदेव नावाचा शिपाई, सासवडकडचा, दिवसभर माझ्या सावलीत बसण्याची खटपट करायचा. माझी सावली ती केवढी! पुढच्या वर्षी गौरी गेल्या आणि हुकूम असूनही बाया ओढ्यावर आल्या. मित्रांनो, त्या सकाळी सगळ्या बाया एकाच काठावर उभ्या होत्या. कुणी ठरवलं नव्हतं. समोरच्या काठावर साहेबाचा तंबू होता.

"साखळी लांबच लांब, अक्कल दीड ईत!"

"नाक बघा नाक! पिकल्यालं तोंडलं!"

"आपल्या वढ्यात येऊन आपल्यालाच गप बसवतो व्हय रं?"

ते 'आपल्या' मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी या ओढ्यावर आमचं आणि तुमचं, एवढंच वाजायचं. जिंकून आलेल्या माणसाने सोयीसाठी दोन गावं एका वहीत लिहिली, एका हुकमात बांधली, आणि त्या दोन गावांना उमगलं की आपण मिळून कुणीतरी आहोत. कोण, ते अजून कळलं नव्हतं. देश म्हणजे तेव्हा घाटावरचा मुलूख, कोकण नव्हे तो, एवढाच अर्थ होता.

पण मी हद्दीचा दगड. मला नेहमी दोन्ही बाजू दिसतात. त्याच सकाळी गर्दीतून एक धोंडा आला आणि सुखदेवाच्या गुडघ्यावर बसला. सुखदेव मटकन खाली बसला. तो काही साहेब नव्हता. त्याच्या गावालाही एखादा ओढा असेल, माझ्यासारखा एखादा दगड असेल. "म्या काय केलं, बायांनो?" एवढंच तो म्हणाला. त्याच्याविषयी तिथे कुणाला काही ठाऊकच नव्हतं. पुढे तो लंगडतच चालायचा. लोक नंतर ती गोष्ट सांगताना साखळी सांगत, तोंडलं सांगत. गुडघा गाळत.

पुढची शंभर वर्षं मी थोडक्यात सांगतो. दगडाला शंभर वर्षांचं फारसं काही नसतं. तो 'आपण' वाढत गेला. पुण्याहून मास्तर आले, वर्तमानपत्रं आली, आणि गावाला कळलं की साहेबाने साखळी फक्त इथेच अंथरली नव्हती. बंगालात, पंजाबात, मद्रासेकडे, कुणाकुणाचे दगड हलले होते. कधी न पाहिलेल्या माणसाला आपलं म्हणणं मला तरी जमलं नसतं. या बायांना जमलं. बेचाळीस साली दोन्ही गावच्या एकवीस जणींनी कचेरीपुढे उभं राहून सरकारच्या उखाळ्या काढल्या. त्यांना लॉरीत घालून येरवड्याच्या तुरुंगात नेलं. लॉरीत कडेची जागा निंबाळीची की करंजवडीची, यावरून त्या येरवड्यापर्यंत भांडत गेल्या, असं मी ऐकून आहे.

मग स्वातंत्र्य आलं. त्या वर्षी गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बाया ओढ्यावर येऊन आपापल्या काठावर उभ्या राहिल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. कितीतरी वर्षांचं तुंबलेलं होतं. ऊन उतरेपर्यंत काकडीला कुणी हात लावला नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला दिवस.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सोजरबाई निंबाळीत सून म्हणून आली आणि तिची नणंद गोदाबाई लग्न होऊन करंजवडीत गेली. भावजय एका काठावर, नणंद दुसऱ्या. त्या दोघींना ऐकायला स्वारगेटहून बस बदलून माणसं येत.

पण शहर काही थांबत नाही. दोन्ही गावं महापालिकेत गेली. महापालिका म्हणजे साहेब नव्हे. तिला मत देता येतं आणि तिच्या नावाने बोटंही मोडता येतात. पण गावाला आतून वाटलं ते तसंच. चावडी गेली, रानात इमारती उगवल्या, ओढ्यावर स्लॅब पडला. पाणी अजून खालून वाहतं. आवाज फक्त मला येतो. काठ म्हणजे आता एका बाजूला किराणा दुकान, ती निंबाळी, आणि एका बाजूला बसथांबा, ती करंजवडी. मधे एक तिकोनी तुकडा उरला आहे, त्यावर मी. नव्या सोसायट्यांतून तक्रार आली की बायका फार ओरडतात, मुलांच्या परीक्षा आहेत. उखाळ्या बंद पडल्या. पंधरा वर्षं माझ्याकडे कुत्र्यांखेरीज कुणी फिरकलं नाही. आणि कुत्री दगडाकडे कशाला येतात ते तुम्हाला माहीत आहे.

मग जया आली. यवतमाळकडची. नवरा कारखान्यात कामाला. दोघं सोजरबाईच्या मुलाच्या, संभाजीच्या इमारतीत भाड्याने राहू लागली. जयाने माझ्याजवळ तर्री-पोह्यांची गाडी लावली, ताडपत्रीची दोरी मला बांधली, आणि पहिल्याच सकाळी माझ्यावर बादलीभर पाणी ओतून मला खराट्याने घासलं.

"धुऊन घेते बाप्पा तुले," ती मला म्हणाली, "नाही तं गिऱ्हाईक काय म्हनन!"

पंधरा वर्षांनी माझ्याशी कुणीतरी बोललं होतं.

तिची गाडी चालली. तिच्यामागून वऱ्हाडातली आणखी चार-सहा कुटुंबं आली. आणि एक दिवस मी पाहिलं, की निंबाळीचा संभाजी आणि करंजवडीचा राकेश माझ्यापाशी उभं राहून एकत्र चहा पिताहेत. या दोघांचं शाळेपासून पटत नाही. मला ते लक्षण ओळखीचं वाटलं.

"आपलं राहिलंय काय इथं?" संभाजी म्हणाला. "रान गेलं, ओढा गेला. हा दगड तेवढा आपला. त्यालाही बाहेरच्यांनी दोरी बांधलीय."

"रिस्पेक्टच नाही," राकेश म्हणाला. "यंदा उखाळ्या परत चालू करू. फुल जोशात. दोन्ही गावं एका साइडला."

"आणि समोर?"

"समोर हे बाहेरचे. एकदा पब्लिकमध्ये ऐकवलं ना, गाडी आपोआप हलते."

संभाजीच्या तीनही मजल्यांवर बाहेरचेच राहतात, हे मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण मला तोंड नाही.

आठ दिवसांत फ्लेक्स लागला, 'आपला दगड, आपली अस्मिता'. मला शेंदरी ऑइलपेंट फासला. खरं सांगतो, अंग आवळून आलं. आणि जयाला निरोप गेला, की उखाळ्यांच्या दिवसापासून गाडी इथे दिसता कामा नये.

त्या सकाळी जया आलीच. "पोहे भिजवले होते जी," ती संभाजीला म्हणाली. "तेवढे आजच्या दिवस विकू द्या. उद्या कुठं जाऊ ते मले ठाऊक नाही. पन भिजवलेले पोहे कोनी फेकते काय?"

दोन्ही गावं किराणा दुकानाच्या बाजूला जमली. बसथांब्याची बाजू मोकळी. माझ्या पलीकडे एकटी जया आणि तिची गाडी. राकेशला दम निघेना. त्याने ताडपत्रीच्या दोरीला हिसका दिला. ताडपत्री एका अंगाने खाली आली, तर्रीचं पातेलं कलंडलं आणि लाल रस्सा स्लॅबवर पसरत माझ्या पायाशी आला.

"म्या कोनाचं काय केलं जी?" जया म्हणाली.

मला सुखदेव आठवला.

तेवढ्यात सोजरबाई आली. ब्याऐंशीची, हातात वॉकर, पण पदर खोचलेला. मागोमाग रिक्षातून गोदाबाई उतरली, काठी टेकत. संभाजीने आईपुढे माइक धरला.

"आई, तू फक्त सुरुवात कर. बाकी पब्लिक बघून घेईल."

सोजरबाईने माइक घेतला नाही. तिने सांडलेल्या तर्रीकडे पाहिलं, मग रिकाम्या काठाकडे.

"समूर कोन हाय?"

"हे बाहेरचे."

"हिचं नाव काय?"

संभाजी अडखळला. "पोहेवाली... म्हणजे..."

"तीन वरसं तुझ्या माडीवर ऱ्हाती. नाव काय?"

सोजरबाईने गर्दीवरून नजर फिरवली. "हिची सासू खाष्ट हाय का गरीब? हिच्या गावची इहीर आटती का भरती? हाय ठावं कुनाला? मग बोलनार काय, कपाळ? ठावं न्हाई तर उखाळी न्हाई. त्याला नुसतं भुंकनं म्हनत्यात."

"वैनी, एवढं शानपन कवापासनं आलं?" मागून गोदाबाई म्हणाली.

"तुमच्या तोंडाला तोंड देऊन देऊन, वन्सं." लोक हसले. सोजरबाई जयाकडे वळली. "नाव काय पोरी?"

"जया."

"तुला ठावं हाय का आमचं काही?"

जयाने कलंडलेलं पातेलं सरळ केलं. "माहीत तं लय हाये, आजी. पन बोलू काय?"

"आज मुभा हाय. आज न्हाई बोललीस तर वरीसभर पोटात दुखंल."

जयाने ओढणी कमरेला बांधली. आवाज आधी जरा चिरकला.

"संभाजीभाऊ! तुमच्या बिल्डिंगीतला नळ सकाळी खोकलते, दुपारी शिंकते, पानी मात्र सोडत नाही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"जिना असा अरुंद, का मानूस वर जाते आन् सावली खालीच राह्यते! राकेशभाऊ, फ्लेक्सवर तुमचे केस एवढे दाट, मंग माह्या गाडीवर येता तवा अर्धे घरी ठेवून येता काय? आन् तुमच्या इकडचे पोहे! वरून साखर, आन् तिखटाचा डबा नुसता दाखवून परत ठेवता! आमच्याकडं असे पोहे दवाखान्यात देते!"

निंबाळीच्या बायांना आता राहवेना.

"अगं, तुझ्या तर्रीनं आमच्या मालकांच्या डोळ्याचं पानी तीन दिस खळलं न्हाई!"

"तुझ्याकडं यायचं तर पोटाचा इमा उतरवून यावं लागतं!"

"मंग रोज कायले येता?" जयाने विचारलं.

जो हशा पिकला, तो स्लॅबखालच्या पाण्यालाही ऐकू गेला असेल. त्या हशातून गोदाबाई काठी टेकत निघाली आणि सगळा तुकडा ओलांडून जयाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी करंजवडीची. माझा काठ ह्यो," ती म्हणाली आणि वळली. "हं, बोला आता वैनी. भाकरीला भोकं पडत्यात का अजून?"

"तुमच्या कवळीला पडल्यात तेवढी न्हाईत!"

मग करंजवडीच्या बाया एकेक करून आपल्या काठावर आल्या. आमचं आणि तुमचं पुन्हा वाजू लागलं. माझे कान निवले. राकेशला मात्र कोणत्या काठावर जावं ते कळेना. तो माझ्यापाशीच उभा राहिला, ताडपत्रीची दोरी उंच धरून, म्हणजे उरलेल्या पोह्यांवर ऊन येऊ नये.

दुपारी घसे बसले. सगळ्या माझ्यापाशी आल्या. काकड्या फुटल्या. पण ऑइलपेंटवर कुंकू टिकेना; बोट लावलं की घसरायचं. तेव्हा जयाने उलथन्याने माझ्या अंगावरचा रंग बोटभर खरवडला. खाली साहेबाचा बाण निघाला. सोजरबाईने त्याच जागी कुंकू लावलं, मग गोदाबाईने, आणि मग कुंकवाचा करंडा जयाच्या हातात दिला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला रंग लावू नका, कुंपण घालू नका, माझ्या नावाने फ्लेक्स छापू नका. अधूनमधून बादलीभर पाणी पुरे. कुणी तुम्हाला जिंकायला आलं, तर सगळ्यांनी एका काठावर उभं राहावं लागतं. ते मी पाहिलं आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण ते काम झालं की आपापल्या काठावर परत जा. आणि समोर जो कोणी उभा असेल, त्याला आधी त्याचं नाव विचारा. हद्दीच्या दगडाला दोन्ही बाजूंना माणसं लागतात. नाही तर मी नुसता धोंडा, कुणाच्या तरी गुडघ्यावर बसणारा.

दुसऱ्या सकाळी जया नेहमीच्या वेळी आली. तिने दोरी मला बांधली, माझ्यावर पाणी ओतलं. पहिलं गिऱ्हाईक संभाजी. उभ्याउभ्याच त्याने दोन घास खाल्ले.

"जयाताई, आज मीठ जरा कमी वाटतंय."

"आत्ता नका सांगू, भाऊ," जया तर्रीचा डाव त्याच्या प्लेटमध्ये उपडा करत म्हणाली. "लक्षात ठेवा. पुढल्या वर्षी समोरून बोला."